पहिलीपासून की पाचवीपासून, हे सांगणार कोण?

२०२५ च्या एप्रिल ते जून या काळात महाराष्ट्रात शाळेतल्या भाषांवर जेवढं बोललं गेलं, तेवढं त्याआधीच्या कित्येक वर्षांत बोललं गेलं नसेल. १६ एप्रिलला शासन निर्णय निघाला: मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य. गदारोळ झाल्यावर १७ जूनच्या निर्णयात ‘अनिवार्य’ जाऊन ‘सर्वसाधारणपणे’ आलं. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि तिसरी भाषा कितवीपासून हे सुचवायला डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती जाहीर झाली. अस्मितेचा प्रश्न लोकांनी विचारला, तो विचारायलाच हवा होता. दप्तराच्या ओझ्याचाही विचारला. पण या सगळ्या गलक्यात एक विधान कुणीच फारसं अडवलं नाही, आणि माझ्या मते भांडण तिथूनच सुरू व्हायला हवं होतं.

ते विधान राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या ४.१२ या परिच्छेदात आहे. दोन ते आठ या वयात मुलं भाषा अतिशय वेगाने उचलतात, असं संशोधन स्पष्टपणे दाखवतं, असं धोरण म्हणतं. विरोध करणाऱ्यांनीही ते बहुतेक मान्यच केलं. त्यांचा वाद ‘मग हिंदीच का’ एवढाच राहिला. पण कुठलं संशोधन? कुठल्या मुलांवर आणि कुठल्या परिस्थितीत केलेलं?

वयाबद्दलचा सगळ्यात गाजलेला पुरावा स्थलांतरितांचा आहे. जॉन्सन आणि न्यूपोर्ट यांनी १९८९ मध्ये अमेरिकेत आलेल्या चिनी आणि कोरियन लोकांना इंग्रजी वाक्यांची चूक-बरोबर ओळखायला लावली. जे लहानपणी आले होते ते सरस ठरले. ही माणसं वर्षानुवर्षं इंग्रजीतच वावरत होती, आणि चाचणी झाली ती त्या सगळ्या वर्षांनंतर. वेगाचं चित्र वेगळं निघतं. कॅथरीन स्नो आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने १९७८ मध्ये हॉलंडमध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांचा वर्षभर पाठपुरावा केला, तेव्हा डच सगळ्यात झपाट्याने शिकली बारा ते पंधरा वर्षांची मुलं. तीन ते पाच वर्षांची सगळ्यात मागे होती. आणि भाषा फक्त शाळेच्या तासाला कानावर पडत असेल तर? बार्सिलोनात कार्मेन मुन्योस यांच्या गटाने आठव्या वर्षी आणि अकराव्या वर्षी इंग्रजी सुरू करणारी मुलं २००, ४१६ आणि ७२६ तासांनंतर तपासली. सारख्या तासांनंतर उशिरा सुरू करणारी मुलं एकंदरीत पुढे होती. मोठं मूल भाषा ‘उचलत’ नसेल, पण शिकवलेलं जास्त पकडतं. आपले फादर स्टीफन्स, मूळचे इंग्रज धर्मगुरू, १५७९ मध्ये गोव्यात उतरले तेव्हा तिशीचे होते. ‘ख्रिस्तपुराणा’च्या अकरा हजारांच्या आसपास ओव्या त्यांनी त्यानंतर शिकलेल्या भाषेत रचल्या. एका माणसावरून नियम होत नाही, हे मान्य.

यावरून ‘तिसरी भाषा पहिलीपासून नकोच’ असं आपोआप सिद्ध होत नाही. बार्सिलोना म्हणजे बारामती नव्हे. हिंदी मराठी मुलाच्या कानावर टीव्हीतून, मोबाइलमधून पडतच असते. तिची लिपी तीच आणि अर्धा शब्दसंग्रह ओळखीचा. ती स्पेनमधल्या इंग्रजीसारखी परकी नाही. म्हणजे आपल्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच शाळांत शोधावं लागेल. ते शोधण्याच्या शास्त्राला द्वितीय भाषा संपादन म्हणतात, आणि त्यात पाच-सहा वर्षं गाडून घेणारी माणसं महाराष्ट्राने तयारच केली नाहीत. जी तयार झाली त्यांना बसायला खुर्ची दिली नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

एक संधी तर हातात येऊन गेली. २००० च्या जूनपासून मराठी माध्यमात इंग्रजी पहिलीपासून आलं. तोवर ते पाचवीपासून होतं. त्याच शाळा, तेच शिक्षक, त्याच घरांतली मुलं. एका तुकडीला पाचवीपासून इंग्रजी आणि लगेच मागून येणाऱ्यांना पहिलीपासून. अशी तुलना जगात मुद्दाम घडवून आणता येत नाही. पंचवीस वर्षं झाली, तरी त्या निर्णयावरची आपली चर्चा ‘माझ्या भाच्याला इंग्रजी छान येतं’ यापुढे सरकत नाही.

या शास्त्रात शिकवतात काय, ते एका उदाहरणावरून सांगतो. मराठी शिकणारा उत्तर भारतीय माणूस म्हणतो, ‘मीने पुस्तक वाचली’. हुबळीहून आलेला म्हणतो, ‘मी पुस्तक वाचलो’. आपण दोघांनाही हसतो आणि दोघांनाही सारखंच ‘वाचलं’ असं दुरुस्त करतो. पण चुका सारख्या नाहीत. पहिल्याने हिंदीतला ‘ने’ आणि पुस्तकाचं हिंदीतलं स्त्रीलिंग सोबत आणलं आहे. दुसऱ्याच्या कानडीत क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं, म्हणून तो मराठीतही तेच करतो. शिवाय त्याने आपल्याच तोंडून ‘मी पुस्तक विसरलो’, ‘मी धडा शिकलो’, ‘मी पाणी प्यालो’ हे ऐकलेलं असतं. विसरलो चालतं, शिकलो चालतं, तर वाचलो का नाही? बिचाऱ्याचं तर्कशास्त्र आपल्यापेक्षा सरळ आहे. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये आणि लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये मांडलं ते हेच, की शिकणाऱ्याच्या डोक्यात मोडकी मराठी नसते. तिथे एक मधली भाषा असते, तिचे स्वतःचे नियम असतात आणि ती टप्प्याटप्प्याने बदलत जाते. इंग्रजीच्या बाबतीत आधी काय पक्कं होतं आणि मागून काय, याचा क्रम सत्तरच्या दशकापासून तपासला जातो आहे. मराठीत तीन लिंगं, सामान्यरूप, ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला भेद हे कुठल्या मातृभाषेच्या माणसाला कधी जमतं, हे काम बहुतांशी पुढेच पडलेलं आहे.

‘पण आमच्याकडे या विषयात पीएच.डी. होतात की’, असं कुणी म्हणेल. होतात, बहुतेक इंग्रजी विभागात. साचा ठरलेला असतो: अमुक तालुक्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनातल्या चुकांचा अभ्यास. शंभर-दोनशे निबंध गोळा करायचे, काळाच्या चुका किती, उपपदांच्या किती हे मोजायचं, पाय चार्ट काढायचे आणि शेवटच्या प्रकरणात भाषा प्रयोगशाळेची शिफारस करायची. चुका मोजण्याची ही रीत जगात जुनी झाली त्याला पन्नास वर्षं होतील. जॅकलिन शॅक्टर यांनी १९७४ मध्येच तिच्यातली खोट दाखवली होती. इंग्रजीतल्या संबंधी उपवाक्यांत चिनी आणि जपानी विद्यार्थ्यांच्या चुका अरबी आणि फारसी भाषकांपेक्षा कमी निघाल्या. कारण ते अशी वाक्यं लिहायचं टाळतच होते. जो धीर करून लांब वाक्य लिहितो त्याच्या चुका जास्त, जो दोन शब्दांत उरकतो तो निर्दोष. आपल्याकडे तर वहीतल्या लाल शेऱ्यांनी मुलांना दोन शब्दांत उरकायचीच सवय लावलेली असते. असे निबंध मोजून काढलेले टक्के कितपत खरे मानायचे?

दोष त्या विद्यार्थ्याचा नाही. त्याने दुसरं काही करायचं ठरवलं तर काय होतं ते पाहा. खरा अभ्यास म्हणजे तीच मुलं दोन-तीन वर्षं पुन्हा पुन्हा भेटणं. रिचर्ड श्मिट यांनी हवाईतल्या एका जपानी चित्रकाराचं इंग्रजी तीन वर्षं टिपलं. तो माणूस गप्पा उत्तम मारायला लागला, पण व्याकरण जागचं फारसं हललं नाही. हे एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून कधीच दिसलं नसतं. आपल्या विद्यार्थ्याकडे मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची. त्यातलं पहिलं वर्ष कोर्सवर्क, सिनॉप्सिस आणि तो मंजूर करणाऱ्या समितीत (आरआरसीत) जातं. शाळेत बसायला शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, तिच्यासाठी पुन्हा खेटे. वर्ग जूनला सुरू होतो आणि ऊसतोडीच्या भागातली मुलं दिवाळीच्या आसपास पालकांबरोबर निघून जातात. जेआरएफ, म्हणजे केंद्राची संशोधनवृत्ती, असेल तर महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी ४२,०००. नसेल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांची फेलोशिप. आणि ती फेलोशिप वेळेवर मिळावी म्हणून संशोधकांवर उपोषणाला बसायची वेळ येते, हे आपण बातम्यांत वाचतोच. गाईडला या विषयाची ओळख असेलच असं नाही. मग मुलगा प्रश्नावलीकडे वळतो. मीही वळलो असतो.

आणि डिग्री हातात आल्यावर? इथे खरी मेख आहे. आपल्याकडे नोकरी विषयाला मिळते. विषय अभ्यासक्रमात असेल तर वर्कलोड, वर्कलोड असेल तर पद, पद असेल तर बिंदुनामावली (आरक्षणाचा तक्ता), मग जाहिरात. प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेच्या, नेटच्या, यादीत इंग्रजी आहे, मराठी आहे, भाषाविज्ञान आहे. पण मराठी विभागाच्या जाहिरातीला एम.ए. मराठी लागतं, इंग्रजी विभागाला एम.ए. इंग्रजी, आणि भाषाविज्ञानाचे विभाग राज्यात बोटांवर मोजण्याएवढे. परप्रांतीय मुलं मराठी कशी शिकतात यावर उत्तम प्रबंध लिहिणारा माणूस मराठीवाल्यांना साहित्याचा वाटत नाही, इंग्रजीवाल्यांना आपला वाटत नाही आणि शिक्षणशास्त्रवाले त्याचं बी.एड. विचारतात. तो तासिका तत्त्वावर संवाद कौशल्यं शिकवत राहतो. मुंबई विद्यापीठात अमराठी लोकांना मराठी शिकवण्याचा ‘माय मराठी’ प्रकल्प राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने उभा राहिला तो जर्मन विभागात, हे मला फार बोलकं वाटतं. कारण भाषा परक्याला शिकवायची असते, तेव्हा ती वेगळ्या पद्धतीने शिकवावी लागते, हे परकीय भाषांच्या विभागांना रोजच्या कामातून ठाऊक असतं.

गरज मात्र इंग्रजीपुरती नाही. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ६९ टक्के आहेत. उरलेल्यांतल्या बहुतेकांना मराठी दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून शिकायची आहे. २०२० च्या कायद्याने पहिली ते दहावी मराठी सर्व मंडळांच्या शाळांत सक्तीची केली. पण हिंजवडीतल्या सीबीएसई शाळेत तमिळ घरातल्या मुलीला मराठी कशी शिकवायची, हे तिथल्या मराठीच्या बाईंना कुणी शिकवलं? त्यांचं सगळं प्रशिक्षण ज्यांना मराठी आधीच येते अशा मुलांसाठी झालेलं असतं. सक्तीचा कायदा आपण केला, पण शिकवण्याची पद्धत बाईंवर सोडून दिली.

मेळघाटात हेच जास्त जीवघेणं होतं. धारणी-चिखलदऱ्याकडच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीच्या वर्गात सतरंजीवर मुलांशेजारी बसून पाहा. गुरुजी फळ्यावर लिहितात, मुलं पाटीवर उतरवतात, अक्षर वळणदार. गुरुजी कविता म्हणतात, मुलं हातवाऱ्यांसकट मागून म्हणतात. तपासणीला आलेला साहेब खूश होऊन जातो. मग गुरुजींनी सहज विचारावं, ‘आज आई कुठे गेली रे?’ आणि वर्ग गप्प. या मुलांच्या घरी बोलतात ती कोरकू, मुंडा कुळातली भाषा. तिचं नातं संथाळी-मुंडारीशी आहे, मराठीशी नाही. बोलणारे सात लाखांच्या वर, मध्य प्रदेशातले धरून. बाजारात कानावर पडते ती हिंदी. म्हणजे मराठी ही या मुलाची तिसरी भाषा, आणि त्याच्या हातातलं पहिलीचं पुस्तक असं गृहीत धरतं की मराठी बोलता येतेच, फक्त वाचायला शिकवायचं आहे.

अशा मुलाला वर्गातलं मराठी समजायला किती वर्षं लागतात? जिम कमिन्स यांनी कॅनडातल्या स्थलांतरित मुलांबद्दल सांगितलं की बोलण्यापुरती इंग्रजी साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाची भाषा बरोबरीची व्हायला पाच ते सात वर्षं जातात. तिथे मुलांच्या अवतीभवती इंग्रजी होती. मेळघाटात मराठी शाळेच्या भिंतीबाहेर फारशी नाही. म्हणजे पाचवीत ज्याला आपण ‘अप्रगत’ म्हणतो, तो मुलगा कदाचित अगदी वेळापत्रकाप्रमाणे चालला असेल. हे ‘कदाचित’ काढून टाकायला कुणीतरी चार वर्षं धारणीत राहायला हवं, कोरकू शिकायला हवं, तीच तीस मुलं पहिलीपासून चौथीपर्यंत ध्वनिमुद्रित करायला हवीत. पीएच.डी. म्हणतात ती याला.

यावर दोन आक्षेप मी नेहमी ऐकतो. पहिला असा की चांगल्या शिक्षकाला हे सगळं कळतंच, त्याला डॉक्टरची काय गरज. अर्धं खरं आहे. दहा वर्षं त्या भागात काढलेल्या गुरुजींना कुठलं मूल कुठे अडणार हे संशोधकापेक्षा आधी कळतं. पण गुरुजींची बदली होते, आणि ते ज्ञान त्यांच्याबरोबर दुसऱ्या तालुक्यात जातं. नवीन गुरुजी पुन्हा पहिल्यापासून चाचपडतात. ते ज्ञान लिहिलं जाणं, तपासलं जाणं आणि पाठ्यपुस्तक करणाऱ्यांच्या टेबलावर जाणं, यासाठी संशोधन लागतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. देशात २०१४-१५ मध्ये पीएच.डी. करणारे १.१७ लाख होते, २०२१-२२ मध्ये ते २.१२ लाख झाले. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या पदासाठी पीएच.डी. ऐच्छिक आहे. मग आणखी बेकार डॉक्टर कशाला? म्हणूनच मी ‘या विषयात प्रवेश वाढवा’ असं म्हणत नाही. सल्ला विचारायला येणाऱ्या मुलांना मी स्पष्ट सांगतो की फेलोशिप नसेल तर या वाटेला जाऊ नका. घरचं गहाण ठेवून क्रियापदांचा अभ्यास करण्यात शौर्य नाही.

ज्यांना जमतं ते बाहेर जातात. अमेरिकेत हवाई, विस्कॉन्सिन, मिशिगन स्टेट, इंडियाना या विद्यापीठांत याच विषयाची स्वतंत्र पीएच.डी. आहे. फी माफ, विद्यावेतन आणि बदल्यात पदवीच्या मुलांना शिकवायचं. पुढे परीक्षा घेणाऱ्या संस्था, भाषा शिकवणारी ॲप्स, प्रकाशनं असे प्राध्यापकीबाहेरचे रस्तेही आहेत. ड्युओलिंगो तर कार्नेगी मेलन विद्यापीठातूनच निघालं. त्यावर हिंदी आहे, मराठी नाही. तिकडे गेलेल्याचा अभ्यास साहजिकच इंग्रजीवर किंवा स्पॅनिशवर होतो, कारण तयार सामग्री आणि नोकऱ्या तिथे. उत्तर अमेरिकेतल्या मराठी शाळांत जाणारी मुलं आजीचं सगळं समजतात आणि उत्तर इंग्रजीत देतात, हाही प्रबंधाचाच विषय आहे. सध्या तो तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेतल्या खंतेपुरता आहे.

भारतात राहून या शास्त्राला मोठं काही देता येत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर-मद्रासकडच्या साध्या शाळांत व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना नकाशे, वेळापत्रकं, हिशेब अशी कामं इंग्रजीत सोडवायला दिली. कामावर आधारलेल्या भाषाशिक्षणाचा जगातला इतिहास आज या बंगळूर प्रकल्पाशिवाय लिहिता येत नाही. ओडिशात अजित मोहंती यांनी कंध आदिवासी मुलांच्या भाषेच्या अभ्यासात आयुष्य घातलं. त्या राज्याने २००७ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षण सुरू केलं, तेव्हा त्यामागे अशा कामाचा आधार होता. तिथली अंमलबजावणी पुढे रडतखडत चालली, तरी निर्णय घेताना विचारायला माणूस होता.

तेव्हा मागणी अगदी रुक्ष आहे. पदं विद्यापीठात मागू नका. तिथे वर्कलोडचं गणित सुटणार नाही. ती डाएटमध्ये मागा. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था १९८६ च्या धोरणातून निघाल्या, संशोधन हे त्यांचं नेमून दिलेलं काम आहे, आणि तिथली रिक्त पदं हा नित्याचा विषय आहे. नंदुरबार, पालघर, अमरावती, गडचिरोली, मुंबई आणि पुणे या जिल्ह्यांपुरतं प्रत्येकी एक पद ‘दुसऱ्या भाषेचं शिक्षण’ या नावाने भरलं तरी सुरुवात होते. दुसरं, जिल्हा परिषदेच्या शाळांत एम.ए. झालेले शिक्षक भरपूर आहेत. त्यांना पगारी अध्ययन रजा द्या, त्यांचाच वर्ग त्यांचं संशोधनक्षेत्र ठरवा, आणि तेवढ्या काळात बदली करू नका. नोकरी आधीच असलेल्या माणसाला डॉक्टर केलं तर बेकारी वाढत नाही. पुण्यात डेक्कन कॉलेजच्या आवारातल्या पश्चिम विभागीय भाषा केंद्रात दर वर्षी इतर राज्यांतले शिक्षक दहा महिन्यांत शून्यापासून मराठी शिकतात. प्रौढ माणूस मराठी कशी शिकतो हे पाहायला याहून चांगली जागा मला तरी ठाऊक नाही.

आणि रिद्धपूर. मराठी भाषा विद्यापीठ आता तिथे आहे, अमरावती जिल्ह्यात, ज्या जिल्ह्यात मेळघाट आहे. ‘लीळाचरित्रा’ची ही भूमी म्हणून ती जागा निवडली. ज्यांच्या लीळा त्यात आहेत ते चक्रधरस्वामी महानुभाव परंपरेनुसार भडोचचे, म्हणजे मराठी त्यांनी इकडे येऊन आपलीशी केलेली. त्या विद्यापीठाने साहित्य, संपादन, हस्तलिखितं हे सगळं जरूर करावं. पण पीएच.डी.च्या पहिल्या काही जागांत दोन जागा धारणी-चिखलदऱ्याच्या वर्गांसाठी राखाव्यात, आणि पात्रतेच्या रकान्यात ‘मराठी, भाषाविज्ञान किंवा शिक्षणशास्त्र, कोरकू येणाऱ्यास प्राधान्य’ एवढी एक ओळ घालावी.